धाकटीच्या हातची भाकर

माझ्या धाकट्या जावेबद्दल गावात सगळे चांगलंच बोलतात. मीही चांगलंच बोलेन, कारण वाईट बोलायला तिनं जागाच ठेवलेली नाही आणि हेच माझं दुखणं आहे. सासूला नावं ठेवता येतात, नणंदेला ठेवता येतात, नवऱ्याला तर अधूनमधून ठेवावीच लागतात. पण साळूबाईत खोट काढायची म्हणजे धुतल्या तांदळात खडा शोधायचा. मी सव्वीस वर्षं तो खडा शोधत बसले होते.

मी सुगंधा. मिरजेच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते, आई संडे स्कूल घ्यायची. गीतं पाठ, वचनं पाठ, पेटी वाजवता येते, आणि नुकतीच अंगणवाडीतून निवृत्त झाले. तासगावच्या अलीकडच्या या गावात लग्न होऊन आले, तेव्हा इथल्या मंडळीत म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांत चौतीस घरं होती आणि सुरात गाणारी मी एकटी. सासूबाई हरणाबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची थोरली मिरजेची हाय, शिकल्याली हाय." सहा वर्षं मी ते कौतुक कान भरून ऐकलं. मग धाकट्या दिराचं लग्न झालं.

साळू माण तालुक्यातली, दहिवडीच्याही पलीकडच्या एका वस्तीवरची. तिकडं ख्रिस्ती घरं दोनच, एक तिच्या बापाचं आणि एक चुलत्याचं. बाप शेरडं राखायचा. बाप्तिस्म्यातलं तिचं नाव सारा, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. लग्नात एक पत्र्याची ट्रंक आणि एक दुभती शेळी घेऊन आली. पहिल्याच रविवारी उपासनेत ती माझ्या शेजारी उभी राहून गायला लागली आणि मला बरं वाटलं. इतकं बेसूर गाणारं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. म्हटलं, चला, हिच्यापासून धोका नाही.

धोका कुठून आला ते मला उशिरा कळलं.

आमच्याकडं बायकांना काम म्हणजे बेदाण्याचं. हंबीररावांच्या शेडात आम्ही पंधरा-वीस जणी ताटं पुढं घेऊन बसायचो आणि बेदाण्यातल्या काड्या, काळे मणी निवडून बाजूला काढायचो. हात चालू असतात, डोळे चालू असतात, मग तोंड गप्प कसं राहणार? अंगणवाडीला सुट्टी असली की मीही जायची. खरं सांगायचं तर कामापेक्षा गप्पांसाठी जायची, कारण मी बोलायला लागले की बायका हात थांबवून ऐकायच्या. शेजारची सोनिया एकदा महिनाभर माहेरी जाऊन राहिली. का राहिली, नवऱ्यानं काय केलं, सासू काय बोलली, हे सगळं मला थोडं माहीत होतं आणि बाकीचं मी जुळवत होते. रंगात आले होते. साळू ताटावरची मान वर न काढता म्हणाली, "आक्का, ती आली की बोलू."

एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता, उपदेश नव्हता. जेवायला थोडं थांबू, सगळे आले की बसू, असं म्हणावं तसं म्हणाली. पण पंधरा बायकांनी माना खाली घातल्या आणि माझी गोष्ट अर्ध्यात लोंबकळत राहिली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढं तर याहून वाईट झालं. सोनिया परत आली तेव्हा साळूनं तिला सांगितलं, "आक्का तुजी लय आठवण काढत हुत्या गं शेडात." त्यात खोटं काय होतं? सोनिया माझ्याकडं आली, माझ्या गळ्यात पडून रडली, म्हणाली, "काकू, तुमीच एकट्या इचारणाऱ्या." तिच्या पाठीवरून हात फिरवताना मला साळूचा जो राग आला, तो कुठं ठेवावा कळेना.

तिची ही रीतच होती. माणूस समोर नसेल तर त्याच्याविषयी बोलायचं नाही. समोर असेल तर काय ते त्याच्या तोंडावर, आणि तेही हळू. खोटं तर बोलायचंच नाही. सांगलीचा एक व्यापारी शेडात माल बघायला आला होता. हंबीरराव म्हणाले, सगळा यंदाचाच माल. व्यापाऱ्यानं सहज साळूला विचारलं, "काय हो बाई, यंदाचाच ना?" साळू म्हणाली, "वरचा यंदाचा हाय. खालची चार खोकी गेल्या सालची हायती." त्या हंगामात हंबीररावांनी तिला पुन्हा शेडात घेतलं नाही. ती लोकांच्या रानात हळद काढायला जायची, संध्याकाळी हात पिवळे आणि पाठ वाकडी करून यायची. मला वाईट वाटलं असं म्हणाले तर ते खोटं होईल. मी मनात म्हटलं, भोग आता. पण पुढच्या साली हंबीररावांना लेकीच्या लग्नासाठी आठ दिवस बाहेरगावी जायचं होतं, तेव्हा शेडाची किल्ली ठेवायला त्यांना आमच्या आळीतलं एकच घर आठवलं. माझं नव्हे.

आणि हे फक्त बाहेरच्यांचं नव्हतं. माझा मुलगा पुण्यात असतो. त्याचा फोन आला की पहिला प्रश्न, "काकू कशी आहे?" सुट्टीला माझी नातवंडं येतात ती चपला काढायच्या आधी भिंतीपलीकडं पळतात. तिनं त्यांना कधी काही आणून दिलेलं नाही, आणणार कुठून? नुसती त्यांचं बोलणं ऐकत बसते. मी त्यांना गोष्टी सांगते, गाणी शिकवते, आणि ती पोरं साळूला जाऊन सांगतात, आजीनं आज काय शिकवलं. हेवा करायला कारण लागतं असं लोक म्हणतात. मला तर रोज एक नवं मिळायचं.

आता भाकरीची गोष्ट सांगते.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर मोडून सगळे एकेक तुकडा खातो. त्या मेजावर ठेवायची भाकर आम्ही विकत आणत नाही. गव्हाच्या पिठाची, बिनमिठाची, बिनखमिराची पातळ भाकर आदल्या संध्याकाळी मंडळीतल्या एका घरी भाजतात. हे काम तीस वर्षं आमच्या घरात, सासूबाईंकडं होतं. त्यासाठी एक वेगळा तवा आहे, त्यावर दुसरं काही भाजत नाहीत. आणि त्याला एक नियम आहे. शनिवारी संध्याकाळी मंडळीचे वडील, म्हणजे आमच्यातले कारभारी, पीठ घेऊन भाकर भाजणारीच्या दारात येतात आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारतात, "कुणाशी अबोला?" ती म्हणते, "नाही." मग पीठ तिच्या हातात देतात. ज्या बाईचा कुणाशी अबोला आहे, तिच्या हातची भाकर मेजावर जात नाही. साधा नियम, पण तीस वर्षं सासूबाई महिन्याच्या शेवटी गावभर फिरून भांडणं मिटवत असायच्या, ती या एका प्रश्नापायी.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचे हात थरथरायला लागले. हे काम आता माझ्याकडं येणार, यात मला काडीची शंका नव्हती. थोरली मी, शिकलेली मी, वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून पीठ मळलेली मी. पण एका रविवारी उपासना सुटल्यावर सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तवा आता धाकटीकडं जाईल."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. घरी आल्यावर मी विचारलं, "माझं काय चुकलं?"

"तुज्या हाताला चव हाय गं," सासूबाई म्हणाल्या. "पर तोंडाला लगाम न्हाई."

आमची घरं शेजारी-शेजारी, मध्ये एक भिंत आणि पुढं सामाईक सोपा. सासूबाईंची खाट त्या सोप्यात. मधली भिंत अशी की इकडं चमचा पडला तर तिकडं कळतं. त्या महिन्यापासून पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी भिंतीपलीकडून भाजल्या गव्हाचा वास यायचा आणि मी खिडकी लावून घ्यायची. रविवारी पाळकसाहेब, आमचे धर्मगुरू, भाकर मोडायचे, मी हात पुढं करायचे, तुकडा तोंडात घालायचे, आणि प्रभूची आठवण करायच्या वेळी माझ्या मनात एकच असायचं, जरा जाड झालीय. झालेली नसायची.

असं दीड वर्ष गेलं. मग एक दिवस मला युक्ती सुचली. साळूचा कुणाशी अबोला असेल तर तिच्या हातची भाकर चालत नाही. साळू कुणाशी अबोला धरणार नाही हे खरं. पण कुणी तिच्याशी धरला तर?

निमित्तही मिळालं. तिच्या शेळीनं माझ्या परसातला कढीपत्ता मुळापासून ओरबाडून खाल्ला. फाटकाला कडी लावायची मीच विसरले होते, ते मी कुणाला सांगितलं नाही. मी आकाशपाताळ एक केलं. माणदेशातली शेरडं इथं आणून सोडलीत म्हणाले, तुझ्या बापानं तेवढंच शिकवलं म्हणाले. म्हणू नये ते सगळं म्हणाले आणि शेवटी म्हणाले, "आजपासून तुझं-माझं बोलणं बंद."

संध्याकाळी ती दारात आली. "आक्का, चुकलं. शेळी माजी, चूक माजी." मी पाठ फिरवून भांडी घासत राहिले. दुसऱ्या दिवशी तिनं कुठूनतरी कढीपत्त्याचं रोप आणून माझ्या परसात लावलं. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. आमचे हे पुण्यात वॉचमन, पंधरा दिवसांनी एकदा येतात. दीर टेम्पोवर, दिवसदिवस बाहेर. सासूबाईंना ऐकू कमी येतं. त्यामुळं घरात कोण कुणाशी बोलत नाही हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

भाकरीचा शनिवार आला. आप्पासो, मंडळीतले वडील, पीठ घेऊन साळूच्या दारात उभे राहिले. मी भिंतीला कान लावून बसले होते.

"कुणाशी अबोला?"

"हाय," साळू म्हणाली.

आप्पासोंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी परत विचारलं. ती परत म्हणाली, "हाय." "आगं, तुजा? कुणाशी?" तर म्हणाली, "त्यांच्या माघारी त्यांचं नाव कसं घ्यावं? मी मिटवाय बघतीया, आप्पा. मिटंना झालंय."

आता बघा, एका शब्दात ती मला उघडं पाडू शकत होती. थोरली जाऊ बोलत नाही म्हणाली असती तर त्यात खोटं काहीच नव्हतं. पण नाही. आणि मी, एवढी हुशार, एवढी शिकलेली, माझ्या डोक्यात एक गोष्ट आलीच नव्हती. आप्पासो पीठ घेऊन माझ्या दारात आले. उद्या भाकर तर पाहिजे. उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि तोच प्रश्न त्यांनी मला विचारला.

"वहिनी, कुणाशी अबोला?"

अबोला दोघींचा असतो. तिचा असला तर माझाही असणारच. साळूसाठी खणलेल्या खड्ड्याच्या तोंडाशी मी स्वतः उभी होते. हो म्हणाले तर पीठ गेलं, आणि अबोला कुणाशी तेही कळलं. माझ्यासमोर पिठाचा डबा होता. वीस वर्षं मला तो माझ्या हातात हवा होता.

"नाही," मी म्हणाले.

भिंतीपलीकडं साळूनं ते ऐकलं असणार. मी तिचं ऐकत होते तर ती माझं का ऐकणार नाही? मी वाट बघितली. काहीतरी म्हणेल, निदान खोकेल तरी. तिकडं भांडंसुद्धा वाजलं नाही. थोड्या वेळानं आप्पासोंनी तिच्याकडून तवा आणून दिला आणि मी पीठ मळायला घेतलं. भाकर सुरेख झाली. अशी झाली की मलाच माझं कौतुक वाटलं.

रविवारी पाळकसाहेबांनी ती मोडली. ते महिन्यातून एकदा येतात, त्यांच्याकडं चार गावं आहेत. सगळे उठून पुढं गेले. साळू चटईवर बसून राहिली. मान खाली, हात मांडीवर. मी पेटीवर होते, मला तिथून सगळं दिसत होतं. अबोला असताना मेजाजवळ जायचं नाही, हे ती स्वतःला सांगत होती. आणि मी, जिनं तो अबोला धरला होता, ती पेटी थांबवून उठले, हात पुढं केला आणि भाकर घेतली.

पहिल्या महिन्यात मी खूश होते. ते लपवत नाही. बायका कुजबुजत होत्या, "साळूबाईनं कुणाचं काय केलं असंल?" आजवर जिच्याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही, तिच्याविषयी लोक बोलत होते. मी त्यात काही घातलं नाही. मी नुसती ऐकत होते, आणि मला लय गोड लागत होतं.

दुसऱ्या महिन्यापासून मात्र सगळं फिसकटलं. साळूचा अबोला कुणाशी हे कुणालाच माहीत नव्हतं. मग ज्याला-त्याला वाटायला लागलं, आपल्याशीच तर नाही? आपणच काही बोललो असू, कधी तोडून वागलो असू. माणसं एकेक करून तिच्या दाराशी यायला लागली. सोनिया आली. हंबीरराव, जे आमच्या मंडळीतलेही नाहीत, तेही आले आणि त्या चार खोक्यांविषयी काहीतरी पुटपुटून गेले. आप्पासो स्वतः आले आणि त्यांच्या लेकाच्या लग्नात तिला पंगतीत उशिरा बसवलं होतं, त्याबद्दल हात जोडून गेले. साळू प्रत्येकाला म्हणायची, "तुमच्याशी न्हवं ओ, या, बसा, चा घ्या." बांधावरून सहा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन भाऊ एकाच संध्याकाळी तिथं समोरासमोर आले, आणि बाहेर पडताना एकमेकांशी बोलत गेले. मी खिडकीतून मोजत होते. चौतीस घरांतल्या एकोणतीस घरांतली माणसं तिच्या दारात येऊन गेली.

माझ्या दारात एकजणही आला नाही. माझ्या रागाची भीती कुणाला वाटत नव्हती. माझं मन दुखावलं असेल, अशी शंकासुद्धा कुणाला आली नाही. भाकर माझ्याकडं होती, तवा माझ्याकडं होता, आणि माणसं तिच्याकडं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

दर महिन्याला त्या शनिवारी आप्पासो यायच्या आधी साळू माझ्या दारात यायची. "आक्का, बोला की." मी मिक्सर लावायची. एकदा मिक्सर चालू असताना ती पाच मिनिटं उभी राहिली. त्यात वाटायला काही नव्हतं, रिकामंच भांडं फिरत होतं. ते तिला दिसत होतं. मग आप्पासो यायचे, विचारायचे, ती म्हणायची "हाय" आणि मी म्हणायची "नाही". तिसऱ्या महिन्यात, चौथ्या महिन्यात. मला ते "नाही" म्हणायला सोपं जायला लागलं होतं, आणि रविवारी त्या चटईवर बसलेल्या बाईकडं बघणं जड.

एवढं असूनही मला तिचा हेवाच वाटत होता. न खाता बसण्याचासुद्धा हेवा. मी भाकर खाऊन जशी शांत दिसत नव्हते तशी ती न खाता दिसत होती.

पाचव्या महिन्यात सासूबाई मोरीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण उठणं-बसणं गेलं. त्या उपासनेला येऊ शकत नव्हत्या म्हणून पाळकसाहेब त्या रविवारी दुपारी भाकर आणि द्राक्षरसाची कुपी घेऊन घरी आले. बरोबर आप्पासो होते. सोप्यात सासूबाईंच्या खाटेजवळ आम्ही सगळे जमलो. त्यांना एकटीनं बसवत नव्हतं, म्हणून साळू मागं बसून त्यांची पाठ आपल्या छातीवर टेकवून धरून होती. मी डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून पायथ्याशी उभी. कालची भाकर माझीच होती.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि तुकडा सासूबाईंच्या हातावर ठेवला. दात नाहीत, त्यांनी तो बराच वेळ तोंडात घोळवला. मग मान जराशी मागं वळवून साळूला विचारलं, "कुणी भाजलीया गं?"

साळू त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "आक्कानी."

"कशी झालीया?"

"लय चांगली झालीया, आत्याबाई."

 सव्वीस वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते हेच. पाच महिने जिनं या भाकरीला तोंड लावलं नाही, ती म्हणते चांगली झालीय! पाळकांसमोर, प्रभुभोजनाच्या वेळी, धडधडीत खोटं! सापडली. एकदाची सापडली. माझी जीभ माझ्या हातात राहिली नाही.

"खोटं!" मी ओरडले. "तू कुठं खाल्लीस गं? पाच महिने झाले, तोंडाला लावली नाहीस तू माझी भाकर!"

पाळकसाहेबांचा हात ताटलीवर तसाच थांबला. आप्पासो माझ्याकडं बघायला लागले. आणि साळू? साळूचं तोंड असं फुललं की मला क्षणभर कळेना, हिला झालंय काय.

"बोलला!" ती म्हणाली. "आक्का, बोलला तुमी माज्याशी!" डोळ्यांत पाणी आणि हसत होती. "खोटं न्हाई ओ आक्का. वासानं कळतंया. दर म्हयन्याला तुमी भाजताना मी पलीकडं भिंतीला टेकून बसते. पाच म्हयन्यात एक बी भाकर करपली न्हाई तुमची." मग सासूबाईंना सांभाळत तिनं एक हात पुढं केला. "सायेब, आता मला बी द्या की."

पाळकसाहेबांनी लगेच दिली नाही. ते सावकाश म्हणाले, "म्हणजे अबोला तुम्हा दोघींत होता?"

"वहिनी," आप्पासो म्हणाले, "तुमी तर मला दर म्हयन्याला न्हाई म्हणत हुता."

मी साळूकडं बघितलं. मला वाटलं, आता ही सावरून घेईल. काहीतरी गोड बोलेल, आक्का विसरल्या असतील म्हणेल, नाहीतर भांडण तसं मोठं नव्हतंच म्हणेल. दुसरी कुणीही म्हणाली असती. साळू काही म्हणाली नाही. माझ्यासाठीसुद्धा तिला खोटं बोलता येत नव्हतं. ती फक्त माझ्याकडं बघत राहिली, आणि त्या बघण्यात मला हरवल्याचा आनंद शोधूनही सापडला नाही. सापडला असता तर मला किती बरं वाटलं असतं.

"हो," मी म्हणाले. "दर महिन्याला खोटं बोलले. कडीसुद्धा मीच लावली नव्हती."

कडी कसली, ते कुणाला कळलं नाही. साळूला कळलं. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. कानाचं म्हणाल तर, त्यांना हवं ते ऐकू येतं हे मला त्या दिवशी कळलं.

पाळकसाहेबांनी साळूला तुकडा दिला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले आणि खाल्ला. एवढासा तुकडा, पण पाच महिन्यांची भुकेली बाई जेवत होती. मी भाजलेली भाकर इतक्या मनापासून आजवर कुणी खाल्ली नव्हती, मी स्वतःसुद्धा नाही. मग ताटली माझ्यासमोर आली. पाळकसाहेब थांबले. मी हात पदराखाली घेतले.

"घ्या की आक्का," साळू म्हणाली. "मिटलंय न्हवं आता."

"नको," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात घेईन. तू भाजशील तेव्हा."

हे तोंडातून निघालं तेव्हाही पोटात जळतच होतं, ते मी कशाला लपवू? जळत होतं म्हणूनच मोठ्यानं म्हणाले, सासूबाईंनाही ऐकू जावं म्हणून.